खिळ्यावरची कैची

नईमनं खिळ्यावरची कैची काढली आणि शकिलापुढं धरली.

"घे. हा ब्लाउज तू काप."

शकिला बटणं लावत होती. तिनं आधी कैचीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "मी?"

"मंग कोन?"

घुग्घुसात नईमचं दुकान एके काळी चालायचं ते शकिलाच्या कापणीवर. राजुऱ्याच्या बाया एस्टीनं कापड घेऊन यायच्या. पण नाहीद पोटात असताना, ऐन दिवाळीच्या गर्दीत ग्रहण आलं. गिऱ्हाईक दारात ठाण मांडून बसलेलं, म्हणून शकिलानं कैची चालवली. पुढं पोर बोलेना, डोळ्याला डोळा भिडवेना, तेव्हा नईमनं सारं खापर त्या कैचीवर आणि बायकोवर फोडलं. कैची खिळ्यावर गेली. विसरून कधी शकिलाचा हात तिकडं वळलाच, की मशीनवरून मान न उचलता तो म्हणायचा, "शकिला, कैचीले हात लावू नोको." तिच्या वाट्याला काज-बटण उरलं. धाकट्या सलमानच्या वेळी तर तिनं भाजीसुद्धा चिरली नाही, सासूनं चिरली. तरी सलमान हा असा, पायाला भिंगरी लावून जन्मलेला. आत्ताही तो रिळांचा डबा पालथा करून मागच्या दारानं पसार झाला होता.

काल नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी दोघा भावंडांना तपासलं. म्हणाल्या, "एकीचं बोलणं अडलंय, दुसऱ्याला बूड टेकवत नाही. दिसायला दोन गोष्टी, पण मूळ बहुतेक एकच असावं. मेंदूची घडणच तशी, पोटात असतानाच झालेली. घराण्यातून उतरते ही. ग्रहणाचा काही संबंध नाही." मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणी आहे का, एका जागी न बसणारं?"

शकिलानं खाली पाहिलं. खुर्चीखाली नईमचा पाय मघापासून हलत होता, पायडलवर असावा तसा. मग नईमनंही पाहिलं.

"माह्यं चुकलं," तो आता म्हणाला. "तुह्यं काईच नव्हतं. उगाच इतकी वर्सं तुले बोलत राह्यलो."

शकिलानं पदरानं डोळे पुसले. बोलायचं खूप होतं, पण आत्ता तिला कापायचं होतं. तिनं कापड अंथरलं, खडूनं गळा आखला, आणि कैचीच्या कड्यात अंगठा घातला.

दारापाशी कातरणांत बसलेली नाहीद उठली. अम्मीची बोटं तिनं एकेक करून कैचीतून सोडवली, अगदी हळू, लागणार नाही अशी. स्टुलावर चढून कैची परत खिळ्याला अडकवली.

"शकिला, कैचीले हात लावू नोको," ती म्हणाली.

आवाज पोरीचा होता, तोरा नईमचा. इतकं मोठं वाक्य तिच्या तोंडून घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

नईम खिळ्याकडं बघत राहिला. शकिलानं कापडाची घडी घातली, आणि सुईत दोरा ओवला.