पायाळूची टाच

शॉकवेव्हचं मशीन ताराक्कांच्या टाचेवर ठोके देत होतं आणि डॉक्टरांची जीभही थांबत नव्हती.

"जन्मताना पाय आधी आले म्हणून तुम्ही पायाळू, आणि पायाळूची लाथ बसली की उसण जाते? असल्या खुळापायी गावाच्या पाठी तुडवून टाच घालवलीत. आता महिनाभर कुणाला पाय लावायचा नाही!"

ताराक्कांना वर्षभर टाच टेकवत नव्हती. त्यापुढं ही बोलणी काहीच नव्हती.

मशीन थांबलं. वायर उचलायला डॉक्टर वाकले, ते वाकलेलेच राहिले. कमरेत उसण भरली होती. कण्हतच त्यांनी दार लोटून घेतलं.

"आक्का, कुणाला सांगू नका. पण जरा पाय लावता?"

सवयीनं ताराक्कांचा पाय उठला. मग त्यांनी तो अलगद खाली ठेवला.

"लावला असता की. पण आमच्या डॉक्टरांनी महिनाभर नको म्हणून सांगितलंय."