पस्तीस अंश

रेडिओ दुरुस्तीत हयात गेलेल्या बाबांना सत्तरीत नवाच नाद लागला होता, मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरमधून कॉम्प्युटरचा वेग वाढवायचा. कॉम्प्युटर नुसता चालू असला तर प्रोसेसर पस्तीस अंशांवर असे; बाबांच्या प्रयोगांनी तापून ऐंशी अंशांवर गेला की परगावच्या लेकीच्या मोबाइलवर इशारा वाजे. ती लगेच फोन करून झापायची, "बाबा, जाळून टाकाल एक दिवस मशीन!"

"अगं, ते तापलं तरच तुझा फोन येतो," बाबा हसायचे.

या आठवड्यात मात्र एकदाही इशारा वाजला नाही. मोबाइलवर बघावं तेव्हा आकडा पस्तीसच. 'सुधारले एकदाचे,' म्हणत ती निर्धास्तपणे कामाला लागली.

 

पाचव्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन आला, "अगं, खिडकीतून कॉम्प्युटर चालू दिसतोय, पण बाबा दारच उघडत नाहीयेत."