चित्रातल्या बाईचा गळा

कॉव्हेंट्रीच्या एका गॅलरीत, दीडशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच चित्रकाराने रंगवलेल्या बाईच्या पोर्ट्रेटपुढे डॉक्टर शशिधर थबकले. एनएचएसच्या सरकारी इस्पितळांत हयात घालवलेल्या सर्जनची नजर ती! चित्रकारही असा काटेकोर, की गळ्याची शीरन् शीर रंगवलेली.

"अगं मृदुला, ही कॉलरबोनवरची गाठ बघ. पोटातला कॅन्सर असा वर डोकावतो. वर्षभरसुद्धा काढलं नसेल बिचारीने," ते रंगात येऊन बायकोला सांगू लागले. "परक्या चित्रकाराला दिसली, आणि रोज समोर बसून जेवणाऱ्या नवऱ्याला दिसू नये? कमाल आहे!"

गॅलरीत हीटिंग चांगलं होतं. तरी मृदुलाने मफलर काढला नव्हता.



"अहो," आता तो हळूहळू सोडवत ती म्हणाली, "जरा माझ्याकडेही बघता का?"