उच्चभ्रू

"ही उच्चभ्रू सोसायटी आहे," बाईंनी आरशासमोर बसता बसता पार्लरवालीला सुनावलं. "तुझ्यासारख्यांनी मागचीच लिफ्ट वापरायची. ती बंद असली, तर जिना आहेच की!"

नऊ मजले चढून पार्लरवालीच्या छातीचा भाता झाला होता. तासाभरात बाईंकडे पाहुणे यायचे होते. तिने दोरा दातात धरला आणि डावी भुवई सुरेख कोरली. मग सहज विचारलं, "उच्चभ्रू म्हणजे काय हो, बाई?"

"अगं, भ्रू म्हणजे भुवई. ज्यांच्या भुवया उंच, ते उच्चभ्रू. म्हणजे आम्ही मोठी माणसं. तुला नाही कळायचं ते."

पार्लरवालीने दोरा गुंडाळून पिशवीत टाकला.



"कळलं की! आत्ता तुम्ही अर्ध्याच झालात. उरलेली भुवई उद्या करते, पुढच्या लिफ्टने येऊन."