अगदी घरच्यासारखं

१९६१ सालची गोष्ट. लंडनजवळच्या टिलबरीच्या धक्क्यावर गोऱ्या अधिकाऱ्याने नवऱ्याचं नाव विचारलं, तर ती मान खाली घालून नुसती उभी राहिली. शेवटी नवऱ्याचा भागीदार कुटई मियाच पुढे झाला.

"मखलिस अली, साहेब. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. हा बघा, हा उभाय."

मखलिस मागे उभा राहून हातातल्या टोपीची कड चुरगाळत होता.

"अरे, बघ तरी तिच्याकडे," कुटई म्हणाला. "दहा-बारा वर्षं गावी ठेवलेली बायको आहे, पोलीस नाही."

मखलिसने पाहिलं. "तेव्हा अगदी पोर होती," तो पुटपुटला.

"तुम्हीही बारीक होता," ती म्हणाली.

लग्न झालं आणि आठवड्याभरात मखलिसने पूर्व बंगालातलं सिलहट सोडलं होतं. जहाजाच्या बॉयलरवर कोळसा ओढत तो लंडनला पोचला आणि इथलाच झाला. गावी पैसे यायचे, बोलावणं कधी आलं नाही. ते आता कुटईने धाडलं, मखलिसला न विचारता. "जमुना" हॉटेल दोघांच्या भागीत होतं आणि माडीवरच्या खोल्या ओसाड पडल्या होत्या.

त्या काळी त्या गल्लीत आपल्याकडची बाई दिसणं म्हणजे अप्रूप. तोयबुनभाबी, तोयबुनभाबी म्हणून सगळे तिच्याभोवती जमले. तिच्या जिवाला मात्र थारा नव्हता. आल्या आल्या तिने कुटईला सांगितलं, "आमच्या गावात इतकी ताटातूट झाली की निकाह पुन्हा वाचतात."

"कुठलं हो गाव? आम्हीही सिलहटचेच. आमच्याकडे एकदाच वाचतात, तोच जड जातो."

"वाचून घेऊ," मखलिस म्हणाला. "तिची इच्छा आहे ना." तो हे इतक्या घाईने बोलला की तीच चपापली.

निकाह झाला, संसार सुरू झाला. तो जेवायला बसला की ती दाराआडून बघायची. भात कसा कालवतो, माशाचा काटा कसा काढतो. मध्येच त्याची नजर वर यायची आणि दोघंही दुसरीकडे बघायची. गावचा विषय निघाला की त्याला खाली काहीतरी काम आठवायचं.

"तळ्याकाठचा फणस आठवतो का?" तिने एकदा विचारलं.

"आठवतो तर. असे मोठे गरे."

तळ्याकाठी फणस कधीच नव्हता.

त्यानंतर तिची झोप उडाली. हा माणूस मखलिस नसला तर? बोलावं तरी कुणाशी? एकदा बिंग फुटलं की तिला जहाजावर बसवून देणार, आणि तिकडे दार उघडायला कोणी नव्हतं. निघताना भावजय म्हणाली होती, "गेलीस ती गेलीस. मागे वळून बघू नकोस."

अशात हॉटेलचा आचारी समोरच्या हॉटेलात जाऊन राहिला. कुटईने भाबीला मुदपाकखान्यात नेऊन मोठं पातेलं दाखवलं. त्यात उकडून घोटलेल्या कांद्याचा रस्सा होता. मिरची वाढवली की मद्रास, नारळ घातला की मलाया, डाळ घातली की धनसाक.

"एकाच रश्श्याची इतकी नावं?" तिला हसू आलं.

"मद्रास मीही पाहिलं नाही, भाबी. गोऱ्यांनी तरी कुठे पाहिलंय? पण आता तोही समोर हेच विकणार. आपल्याला वेगळं काहीतरी हवं. हा सारखा सांगत असतो ना, लग्नानंतर बायकोने केलेलं सातकऱ्याचं गोश्त. ते करा."

"नको रे, तिला कशाला त्रास," मखलिस म्हणाला.

"त्रास कसला? तिच्याच हातचं आहे ना?"

मखलिस पातेल्यात बघू लागला, ती पदर सारखा करू लागली.

सातकरा म्हणजे सिलहटचं जाड सालीचं, कडसर लिंबू. लंडनात ते कुठलं मिळायला? तिने दोन दिवस टाळाटाळ केली. मग न्याहारीच्या टेबलावरची बरणी उचलली. कडू संत्र्याच्या सालीचा मुरंबा होता तो. सगळाच्या सगळा तिने कांद्याच्या रश्श्यात उपडा केला, वर गोश्त सोडलं. शिजल्यावर चाखलं, तर घास गिळवेना. ज्याने खरं सातकऱ्याचं गोश्त एकदा खाल्लंय तो हे थुंकून टाकील.

मखलिसने घास घेतला. बराच वेळ चावत राहिला. तिने पदराचं टोक मुठीत धरलं.

"अगदी तसंच," तो म्हणाला. "अगदी घरच्यासारखं."

"मुरंबा आहे रे हा," कुटई म्हणाला.

"तू गप्प बस. तू खाल्लंयस का तिच्या हातचं?"

आता तिची खात्री पटली. तिने डाव उचलला.

"आणखी वाढू?"

"वाढ."

गोऱ्यांना ते फार आवडलं. महिन्याभरात समोरच्यानेही मुरंब्याच्या बरण्या आणल्या. पुढे कुटईने आणखी हॉटेलं काढली, चांगला गबर झाला आणि मरेपर्यंत गिऱ्हाइकांना सांगत राहिला की ही भाबीच्या माहेरची रीत. पळालेला आचारी परत आला आणि तिच्याच हाताखाली म्हातारा झाला. तिची मुलगी शाळेत शिकवते. मुलाने हॉटेल विकून टाकलं. त्याला कांद्याच्या वासाने शिसारी यायची.

मखलिसची छाती कोळशाने पोखरली होती. १९८४ साली, इस्पितळात, एका दुपारी त्याने तिचा हात धरला.

"एक सांगायचं राहिलंय. मखलिस एडनच्या अलीकडे गेला. बॉयलरखोलीत, माझ्या मांडीवर. त्याचं नाव घेऊन मी इथे उतरलो. पैसे धाडत राहिलो, ते त्याच्यासाठी. मग कुटईने तुला आणलं आणि बोलायची सोयच राहिली नाही. त्या गोश्ताची चव मी कधी घेतलेली नाही. मी तुझा नवरा नव्हे गं."

तिने त्याच्या डोक्याखालची उशी सारखी केली.

"मखलिस मिया तोयबुनचे नवरे," ती म्हणाली. "बोलावणं आलं तेव्हा तिला जाऊन वर्ष झालं होतं. मी तिची धाकटी बहीण."