जाड, तिरकी अक्षरं

"ताई, फोटो मोठा करू की अक्षरं?" फ्लेक्सवाल्याने विचारलं.

"अक्षरं. आणि अगदी अशीच हवीत." हेमांगीने नाटकाची जुनी जाहिरात पुढे केली. तिचे वडील, नाना, कालपासून बेपत्ता होते. मिरजेतली हॉस्पिटलं, स्टँड, पोलीस चौकी, सगळं पालथं घालून तिचा धीर सुटला होता. नानांना आता माणसं ओळखू येत नव्हती, पोटची पोरसुद्धा. पण ही जाड, तिरकी, चौकोनी टोकांची अक्षरं त्यांनीच तरुणपणी घडवली होती. ती दिसली, की ते अजूनही थबकायचे.

दुपारपर्यंत चौकाचौकांत फ्लेक्स लागले: 'नाना, घरी या.' खाली छोटा फोटो आणि हेमांगीचा नंबर.

संध्याकाळी एका फुलवालीचा फोन आला. हेमांगी धावत पोचली. नाना फ्लेक्ससमोर अनवाणी उभे राहून 'घ'च्या काठावरून बोट फिरवत होते.

"नाना!" तिला हुंदका आवरेना.

त्यांनी परक्या नजरेने तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचा स्वर मऊ झाला.

"तुमचे नाना हरवलेत का हो, बाई? रडू नका. चला, मी येतो शोधायला."

तिने त्यांचा हात घट्ट धरला. "चला," ती म्हणाली.