पापा कुठी हाय

"खात्री केल्याशिवाय काही पुढे पाठवू नका," असं कांता मॅडम अंगणवाडीत सांगून गेल्या, त्याला महिना झाला होता. मॅडम पोलिसातल्या. अफवा लिहिणाऱ्यावर गुन्हा होतो आणि ती पुढे ढकलणाऱ्यावरही होतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तेव्हा मागच्या सतरंजीवरून नंदिनी म्हणाली होती, "मॅडम, पोरगी गेल्यावर खात्री करत बसू काय?"

सगळ्या बाया हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

आज दुपारी नंदिनी लेकीच्या, दीपूच्या वाढदिवसाचे फुगे दाराला बांधत होती. उद्या दीपूला तीन वर्षं पूर्ण होणार होती. तेवढ्यात शेजारच्या सुगंधाबाई चपला न काढताच आत आल्या. त्यांची बहीण मोहफाट्याला राहते, इथून, नागभीडहून, सहा किलोमीटरवर. तिचा आत्ताच फोन आला होता. गावात सकाळपासून कोणी परकी बाई फिरते आहे. हिरवं लुगडं, हातात पिशवी. पोरं खेळत असली की थांबते, पिशवीतून लहान पोरीचा फ्रॉक काढून दाखवते.

"अन् एकच विचारते व," सुगंधाबाई म्हणाल्या. "पापा कुठी हाय."

"पापा?"

"हो. लेकराले त्याच्या बापाचं विचारून राह्यली."

नंदिनीला लगेच कळलं. बाप घरी नसला की पोर उचलायचं, सरळ होतं. आपला बाप कुठे आहे हे दीपू तर कोणालाही सांगेल. धानाच्या गिरणीत, म्हणेल, आणि वर हसेल.

तिनं नवऱ्याला, अश्विनला गिरणीत फोन लावला. तो म्हणाला, पोलिसांना कळव आणि तू त्यात पडू नको. तिनं फोन कापला. घरात पोरगी आहे याचं या माणसाला काही वाटतं की नाही. पोलीस चहा पिऊन येणार, मग पंचनामा करणार, मग पुन्हा अंगणवाडीत येऊन आम्हालाच कलमं शिकवणार.

मातामंडळाच्या ग्रुपवर काही लिहायचं असलं की ते नंदिनीकडेच यायचं. ती बी.ए. झालेली. तेलंगणाच्या हद्दीवरच्या सिरोंच्याहून लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बोलण्याला सासरी सगळे हसायचे, जेवायला बसले की तिची नक्कल करायचे. तिनं चार वर्षांत अशी भाषा कमावली की आता कोणाला तिच्या बोलण्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

तिनं लिहिलं : 'सावधान. मोहफाट्यावर मुलं पळवणारी टोळी आली आहे. हिरव्या लुगड्यातली बाई लहान मुलांना पापा कुठी हाय असं विचारते. बाप घरी नाही असं कळताच मूल उचलते. तिच्या पिशवीत चोरलेल्या मुलींचे कपडे आहेत. प्रत्येक आईपर्यंत पोचवा.'

सुगंधाबाई एकाच बाईचं बोलल्या होत्या. टोळी नंदिनीची. फ्रॉक त्यांनी सांगितला होता; चोरलेला, हे नंदिनीचं. एकटी बाई फिरते असं लिहिलं तर वाचतं कोण?

"तुह्यासारखं लिहाले कोणाले जमत नाई," सुगंधाबाई म्हणाल्या.

पाव तासात तोच मजकूर दुसऱ्या तीन ग्रुपांवरून फिरून तिच्याकडे परत आला. कोणीतरी मधे किडनीचंही घातलं होतं. तिनं ते खोडून काढायला सांगितलं नाही. लोक जागे झाले होते. तिच्यासारख्याच शंभर आया आपापली पोरं घरात ओढून कड्या लावत असतील, या विचारानं तिला बरं वाटलं.

मग मोहफाट्याच्या कोणा माणसाचा आवाज ग्रुपवर आला. बाईला चक्कीजवळ धरलं होतं. "विचारलं तर धड सांगत नाई. भलतंच काही बडबडते. नाटक करून राह्यली." त्याच्यामागे खूप माणसांचा गलका होता. मधेच काहीतरी लोखंडी आपटल्याचा आवाज आला. सुगंधाबाईंनी पदर तोंडाला लावला.

नंदिनीनं दीपूला मांडीवर घट्ट धरलं आणि एका हातानं लिहिलं, 'सोडू नका तिला.'

खाली भराभर अंगठे आले.

तेवढ्यात तिच्या भावाचा, श्रावणचा फोन आला. सिरोंच्याहून. त्याच्याशी ती नेहमी आतल्या खोलीत जाऊन, दार लोटून, माहेरच्या भाषेत बोलायची. आज ती उठली नाही. कामात आहे, मग बोलू, असं घाईनं सांगायला तिनं तोंड उघडलं.

"अम्मा पोचली काय?" श्रावणनं विचारलं. "कालच निघाली. रात्री आलापल्लीला मावशीकडे राहिली. तुला सांगू नको म्हणाली होती. सकाळी कोणाच्या तरी फोनवरून बोलली, कंडक्टरनं एक गाव आधीच उतरवलं म्हणे. पापासाठी फ्रॉक शिवला ना तिनं, पापाला भेटायचं होतं तिला."

तिनं त्याचा फोन कापला. दीपू फुग्याच्या दोरीशी खेळत होती. नंदिनीनं ग्रुप उघडला आणि पहिल्यांदाच भाषा न तपासता लिहिलं : 'मोहफाट्याजवळ कोणी असाल तर चक्कीकडे पळा. ते बापाचं नाई विचारून राह्यली. आमच्याकडे लहान पोरीले पापा म्हणतात. ते माही अम्मा आहे. मारू नका. कोणीतरी जाऊन पाहा, ते जित्ती आहे काय.'